टोळीच्या ढेपेचं पाणी

आमची गाय व्याली तेव्हा भावाच्या घरी सरकीची ढेप संपली होती, आणि सिंदेवाहीच्या बाजारातही मिळेना. गायीची हाडं दिसू लागली. वासरू कोरड्या सडांना ढुसण्या देत राहायचं. शेजारच्या शेळीचं दूध पाजून वहिनी त्याला कसंबसं जगवत होती. पडवीत मात्र मोहाच्या बियांची, आमच्याकडे टोळीची म्हणतात ती, ढेप पोतंभर पडली होती. कडूजहर. गाय हुंगून मान फिरवायची.

मी सुटीवर गेलेलो. घरात शिकलेला मीच, म्हणून गुरांच्या डॉक्टरांकडे मला पिटाळलं. ते म्हणाले, ढेप कुटून गरम पाण्यात भिजवा, पाणी फेका, असं तीनदा करा. त्या पाण्यासोबत विष निघून जातं. मग वाळवून कोंड्यात मूठ-मूठ द्या. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं. पाणी कुठं फेकायचं, तेवढं विचारलं नाही.

परसात चूल मांडली. पहिल्याच पाण्याला धुण्याच्या साबणासारखा फेस आला. विष डोळ्यांदेखत निघतंय म्हणून मी खूश. तिन्ही वेळचं पाणी उताराला ओतलं. उताराच्या तळाशी आमची बोडी, छोटं तळं, आणि त्यात वहिनीनं सोडलेल्या मासोळ्या.

दुपारी त्या पोट वर करून तरंगू लागल्या.

वहिनी काठावर आली.

"भाऊजी, लहानपणी नाल्यात हेच टाकून मासोळ्या कोण पकडे जी?"

"मीच."

"मंग आता काऊन विसरले?"

"शिकलो ना, वहिनी."

तिनं पदर तोंडाला लावला. हसली की काय, कळलं नाही. "जा, टोपलं आणा. आता खाऊनच टाकू."

त्या दिवशी सगळ्या टोल्यानं, आमच्या वस्तीनं, मासोळ्या खाल्ल्या. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "बाबू, पुढच्या वेळी सांगून धूत जा. मसाला वाटून ठेवतो."

ऊन नव्हतं, म्हणून वहिनीनं ढेप चुलीजवळ वाळवली. कोंड्यात मूठभर कालवून, वर मीठ टाकून गायीपुढे ठेवली. गायीनं हुंगलं, थांबली, मग चाटू लागली.

आठ-दहा दिवसांनी गोठ्यात गेलो तर वासराच्या तोंडाला पांढरा फेस. मी ओरडतच वहिनीला बोलावलं.

ती आली, वाकून पाहिलं, बोटानं तो फेस पुसला.

"दूध हाये ते, भाऊजी."