मिटलेल्या पापण्या

ऐंशीच्या दशकात यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तारापूरला नवीनच आलो होतो. माझ्या तान्ह्या मुलीचा डावा डोळा सारखा चिकटायचा, म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात सगळ्यांनाच पेंग येत होती. बाकावर शेजारी जवळच्या दांडी गावची एक कोळीण होती. तिच्या मांडीवरच्या दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या पापण्या सुजून घट्ट मिटल्या होत्या. जन्मल्यापासून त्याने डोळे उघडलेच नव्हते. ती त्याच्या तोंडावर पदराची सावली धरून संथ डोलत होती.

"नको घाबरू, बाय," ती मलाच म्हणाली. "माजा पोर बग, आजून सपनात हाय. जागा होल तवा बगल."

डॉक्टरीणबाईंनी मला मुलीच्या नाकाजवळ बोटाने हलकं चोळायला शिकवलं. अश्रूंची वाट हळूहळू मोकळी होईल, म्हणाल्या. मग त्यांनी कोळिणीच्या बाळाला, डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून, अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन उभं धरलं.

"जन्मतानाची सूज आहे, उतरेल," त्या सांगत होत्या, तेवढ्यात पापण्या किलकिल्या झाल्या. दोन काळेभोर डोळे समोर वाकलेल्या आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

इतका वेळ मला धीर देणारी ती बाई हुंदके देत म्हणाली, "मना वाटला, याला डोळंच नाय."