बोलणारं कार्ड

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला बाजारात सगळे ‘चिमटा’ म्हणत. चिमटा कायम त्याच्या खिशाला असायचा. त्याच्या थोरल्या बहिणीची दृष्टी गेली तेव्हा त्याने तिच्या मशीनमध्ये एक बोलणारं कार्ड बसवलं. पडद्यावरची अक्षरं ते खरखरीत आवाजात वाचून दाखवी.

“घसा बसलेले मास्तर आहेत,” ताई म्हणायची.

पुढे तिची मुलगी परदेशी गेली. तिच्या मेलसाठी चिमट्याने फोनच्या तारेवरून मेल आणणारं मोडेमचं कार्ड लावलं आणि मास्तरांची वाचाच बसली. मशीनला हाक मारायला प्रत्येक कार्डाला एक नंबर लागतो. ही दोन्ही एकाच नंबरावर अडून बसली होती आणि बाकीचे नंबर आधीच वाटले गेले होते. एका म्यानात दोन तलवारी. मग दर रविवारी तो यायचा, मोडेम लावून मेल उतरवायचा, ते काढून पुन्हा मास्तरांना बसवायचा. मध्ये चहा, आईच्या आठवणी, थोडं भांडण.

शेवटी त्याला सुचलं, ताईला प्रिंटर काय कामाचा? प्रिंटरचा नंबर काढून त्याने मोडेमला दिला. दोन्ही कार्डं सुखाने नांदू लागली.

“चला, कटकट मिटली,” तो म्हणाला.

“मिटली खरी,” ताई म्हणाली.

त्याचे रविवारही दुकानात जाऊ लागले. एकदा तिचा फोन आला, “अरे, मास्तर पुन्हा गप्प झालेत.”

तो धावत गेला. कार्ड खाचेतून अर्धं बाहेर आलेलं, त्याचा स्क्रू टेबलावर नीट ठेवलेला.

“ताई, आत हात कशाला घातलास? मला काय तेवढंच काम आहे?”

ती उठली. चहा टाकते म्हणाली. तो थांबला नाही.

त्यानंतर तिने कधी बोलावलं नाही. त्या थंडीत न्यूमोनियाने ती गेली. शेजारीण म्हणाली, “मी म्हटलं, भावाला कळवू या. तर म्हणाल्या, त्याला कामं असतात.”

भाचीने मशीन मामालाच दिलं. ते त्याने दुकानात नेलं नाही, घरी कॉटखाली सरकवलं. पुढे नवी मशीनं आली, नंबर आपले आपण वाटून घेणारी. त्या कामाला चिमट्याला कुणी बोलावेना.

रविवारी मात्र तो दुकान बंद ठेवू लागला.

“कुठे जायचंय का?” बायको विचारायची.

“नाही,” तो म्हणायचा, आणि बसून राहायचा.