एका ओळीचा हुकूम

‘कायदा’ हा शब्द ऐकला की व्हर्लीन टॉलिव्हरचं डोकं फिरतं, आणि ते उगाच नाही.

आईचं आजारपण तिने वर्षानुवर्षं काढलं. भाऊ रॉइस डेट्रॉइटला, नाताळला फोन करणारा. आईने मृत्युपत्रात घर व्हर्लीनला लिहून दिलं, तेव्हा मात्र त्याला आईचा पुळका आला. म्हणे, तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं!

अलाबामातल्या त्यांच्या गावचं कोर्ट दोन मजली. खाली वारशाचे खटले चालवणारे न्यायाधीश हॅस्केल. त्यांच्याच खिडकीवर गाडीचा नंबर आणि मासेमारीचा परवानाही मिळतो. हॅस्केलांनी सगळे साक्षीदार ऐकले. निकालाच्या सकाळीच रॉइसच्या वकिलाने खटला वरच्या मजल्यावरच्या मोठ्या कोर्टात न्यायचा अर्ज टाकला.

“असा कसा नेता येतो?” व्हर्लीन कडाडली.

“कुठल्याही वारसाला नेता येतो, व्हर्लीनबाई,” हॅस्केल म्हणाले. “कारणसुद्धा द्यावं लागत नाही.”

“म्हणजे माझ्या बाजूने निकाल लागणार दिसला की पळ काढायचा! वा रे कायदा!”

वरच्या न्यायाधीशांनी तिची आई कधी पाहिलीही नव्हती. त्यांनी मृत्युपत्र रद्द करून वाटणीसाठी घर विकायला लावलं. लाकडाच्या व्यापाऱ्याने ते घेतलं, पाडलं आणि मागची पेकानची, अक्रोडासारखी झाडंही तोडून नेली. व्हर्लीन रस्त्यावर उभी राहून शिव्या देत होती. दुसरं करणार काय?

तरी ती माँटगोमेरीला, राज्याच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत लढली, आणि तिथे खरी गंमत निघाली. खटला वर न्यायचा तर अर्ज वर द्यावा लागतो आणि ‘खटला घेतला’ असा हुकूम वरच्या न्यायाधीशाने काढावा लागतो. या गावात मात्र सगळंच खालच्या खिडकीवर देण्याची रीत. वकिलाने अर्जही तिथेच दिला, शिपायाने गठ्ठा वर नेऊन टाकला आणि न्यायाधीशांनी हुकूम न काढताच सुनावणी सुरू केली. एका ओळीचा हुकूम! तो नाही म्हणून पुढचं सगळं बेकायदा ठरलं. विक्रीही. खटला पुन्हा खाली आला.

हॅस्केलांनी मृत्युपत्र मान्य केलं. “अभिनंदन, व्हर्लीनबाई. घर तुमचं.”

“कुठलं घर?”

रॉइस खाली बघत होता.

“कुठलं घर, साहेब? ज्या खोलीत मी आईचं हगणंमुतणं काढलं, ती दाखवा मला. चूक कोणाची होती?”

“तशी कोणा एकाची नाही. पद्धतच...”

“घर पाडताना बरी पद्धत आड आली नाही!” तिने टेबलावर हात आपटला. “या भाड्यांना घर पाडायला हुकूम लागला नाही. तुम्हीसुद्धा आता हुकूम न काढताच ते उभं करा.”

हॅस्केलांनी पुढचा खटला पुकारला.