उन्हात घातलेल्या वड्या

लोण्याच्या वड्या पापडासारख्या घराच्या मातीच्या धाब्यावर वाळत घालणारी बाई साऱ्या कळमनुरी तालुक्यात एकच झाली, आणि ती मी. चौदा वर्षांची नवी सून, माहेरी वाळवणात पटाईत म्हणून नाक वर. त्या नाकामागे अक्कल किती होती ते पुढे कळेलच. वड्या मात्र माझ्या नव्हत्या. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या आत्याबाईंच्या. 'नको' म्हटलं की तेच काम दोनदा करणारी अशी बाई देवाने पुन्हा घडवली नाही. बहुधा त्यालाही धास्ती बसली असावी.

आत्याबाई नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या त्या तिथेच राहिल्या. विधवेने बैलगाडीत पुढे बसू नये असं कुणी म्हणालं, तर त्या स्वतः कासरा धरून गाडी हाकत बाजाराला गेल्या. विडा खाऊ नये म्हटलं, तर म्हणणाऱ्याच्याच ओट्यावर बसून विडा रंगवला, वर चुनाही त्यालाच मागितला. त्यांचा जीव होता तो एका साच्यात. हिंगोलीची गोऱ्यांची छावणी उठली तेव्हा त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेली ती सागवानी फळी. तिच्यात फुलं कोरलेले बारा खळगे. कृती शिकवली छावणीतल्या म्हाताऱ्या खानसाम्याने. लोणी सात पाण्यांनी धुवायचं, वस्त्रगाळ पिठीसाखरेत मळायचं, हकिमाकडच्या पुदिन्याच्या अर्काचे तीन थेंब घालायचे, गोळा साच्यात अंगठ्याने दाबायचा आणि साचा पाटावर आपटायचा. वडी जिभेवर विरघळली की भर चैत्रात घशात गारवा उतरायचा.

त्या चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आत्याबाईंना अर्थातच माजघर. शेजारची पाटलीणबाई आदल्या दिवशी मुद्दाम ऐकवून गेली, "हिच्या हातचं सवाशिणी तोंडात घालायच्या न्हाईत, सांगून ठेवते."

"म्या बसंन आत," आत्याबाई म्हणाल्या. "वडी जाईल बाहेर. बघू कोण थुकतंय."

महायुद्धाच्या लढाईमुळे साखर मिळेना. चार महिने गुळाचा चहा पिऊन त्यांनी ती साठवली होती. सकाळीच साठ वड्या पाडल्या आणि मला म्हणाल्या, "घट्ट व्हायला ठेव जरा."

मी शहाणी! घट्ट करायचं म्हणजे वाळवायचं. परातीत रांगा मांडल्या, वर पातळ लुगडं झाकलं आणि परात धाब्यावर नेऊन ठेवली. तासाभराने बघते तर साठ वड्यांची एकच वडी झालेली, तीही पातळ. मी शिडीखाली बसून गळा काढला.

आत्याबाईंनी परातीत एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि सगळं चरवीत ओतून चरवी थिजायला दोराने विहिरीच्या गार पाण्यात सोडली. दुपारी काढली, उरलेली साखर घातली, पुन्हा मळलं, पुन्हा साचा आपटला. बरंच परातीला आणि लुगड्याला लागून गेलेलं, चाळीसच वड्या झाल्या. कित्येक फुलांच्या पाकळ्या गेलेल्या.

संध्याकाळी मी तबक फिरवलं. पाटलीणबाईने कैरीची डाळ घेतली, वडी बोटाने बाजूला सारली. तिचं बघून दुसरीने, मग तिसरीने. आणि मग माझ्यासारख्या मूर्ख पोरीला आयुष्यात पहिल्यांदा काही सुचलं. भरल्या बैठकीत, सगळ्यांदेखत, मी एक वडी उचलून स्वतःच्या तोंडात टाकली. मीही सवाशीणच होते की! सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी मेले नाही, तेव्हा एकीने हात पुढे केला, मग दुसरीने. शेवटी पाटलीणबाईने. "मेली गार हाय," ती पुटपुटली आणि दुसरी वडी पदराच्या गाठीत बांधली. लेकरासाठी म्हणे.

तो साचा अजून माझ्यापाशी आहे. दोन खळगे झिजलेत. वड्या मी सावलीत ठेवते.

त्या संध्याकाळी रिकामं तबक घेऊन मी माजघरात गेले, तेव्हा आत्याबाई एकट्याच साचा पुसत बसल्या होत्या. वीस वड्या माझ्यापायी गेल्या, म्हणून मला पुन्हा रडू फुटलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "काहून रडून राहिलीस गं? मलाबी ह्या लोकांनी नवव्या वर्षापासून उन्हातच घातलंय. म्या वाळले का?"