भिंतीवरचा पासवर्ड

कुरकुंभच्या केमिकल कारखान्यांच्या त्या उग्र वासात टाय लावून हिंडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि दुर्दैवानं तो माझा साहेब होता. पुण्याहून कंपनीच्या गाडीनं यायचा, नाकाला रुमाल लावून केबिनमध्ये शिरायचा आणि संध्याकाळी तसाच परत जायचा. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख म्हणे. मी त्याच्या हाताखाली कंत्राटावर, दौंडला खोली घेऊन राहायचो. शिरूरच्या क्लासमध्ये शिकून आलेला, त्यामुळे त्याच्या लेखी माझ्या बोलण्याची किंमत शून्य.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कुठला माल कुठं गेला याची माहिती रोज सकाळी पुण्याच्या ऑफिसात पोचावी म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे मशीननं आपलं आपण पाळायच्या हुकमांची फाईल. ठरल्या वेळी ती पुण्याच्या मशीनला जोडून घ्यायची, पासवर्ड द्यायची आणि माहिती टाकून मोकळी व्हायची. हा पासवर्ड मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवला होता आणि ती फाईल दुसऱ्या कुणाला उघडता येणार नाही अशी बंद केली होती. साहेबाला ते बघवलं नाही.

"पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिही. ऑडिटर आले तर त्यांना काय अर्धवट दाखवू?"

"साहेब, मग स्क्रिप्ट वाचील त्याला पासवर्ड दिसेल."

"इथं इंग्रजी वाचतंय कोण?" साहेब म्हणाला.

लिहिला. पासवर्ड तरी काय, कंपनीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. साहेबाची अक्कल तिथंच संपली होती.

पण त्याचं समाधान एवढ्यानं होईना. क्वालिटीच्या सर्टिफिकेटसाठी ऑडिट होतं आणि ज्याचं काम त्याच्यासमोर लिहून लावायचं असा फतवा निघाला होता. बॉयलरजवळ बॉयलरचे नियम लागले, कँटीनमध्ये हात धुण्याचे. साहेबानं माझी स्क्रिप्ट छापली, लॅमिनेट केली आणि माल रवाना होतो त्या डिस्पॅचच्या भिंतीवर ठोकली, पासवर्डसकट. घराला कुलूप घालून किल्ली दारालाच टांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिच्याखाली ट्रकचे ड्रायव्हर बाकावर बसायचे. मी बोललो, तर म्हणाला, "लॅमिनेशन चांगलं झालंय."

डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर खुटबावचा एकजण बसायचा. कामाला चोख, कैक वर्षं टेंपरवारी. दिवाळीनंतर त्याला परमनंट करायचं ठरलं होतं आणि त्याचं लग्नही त्यावरच अडलं होतं. मुलीच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं, आधी परमनंट, मग सुपारी.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या मशीनवरची सगळी माहिती कुणीतरी उडवली. आमचाच पासवर्ड वापरून. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. साहेबानं डिस्पॅचमध्ये सगळ्यांना उभं केलं, स्वतः त्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि एकेकाला विचारलं, "पासवर्ड तुला माहीत होता?"

सुपरवायझर नाही म्हणाला. स्टोअरवाला नाही म्हणाला. वॉचमन तर कॉम्प्युटर म्हणजे काय इथूनच सुरू झाला. सगळे साहेबाच्या खांद्यावरून भिंतीकडं बघत होते आणि नाही म्हणत होते.

खुटबावकराची पाळी आली. तो म्हणाला, "व्हय साहेब, मला ठावं हाय. तुमच्या मागं भिंतीवर लावलाय की."

साहेब मागं वळला नाही. म्हणाला, "भिंतीवर लावला म्हणून वाचायचा का?"

मी मध्ये पडलो. वाचता येऊ नये म्हणूनच तो वेगळा ठेवला होता, हे सगळ्यांदेखत सांगितलं. "तू कंत्राटी आहेस, तुला विचारलेलं नाही," असं उत्तर मिळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण तिथं निदान संन्यासी चोराच्या वाटेत तरी आलेला असतो. इथं त्याचा गुन्हा एवढाच की त्याला वाचता येत होतं आणि खोटं बोलता येत नव्हतं. त्या आठवड्यात त्याला काढला. लग्न मोडलं. साहेबानं पुण्याला कळवलं, दोषी सापडला.

पुढं पासवर्ड बदलला. कंपनीचं नाव तेच, पुढं एक-दोन-तीन-चार. सुधारित प्रत म्हणून साहेबानं तीही छापली, लॅमिनेट केली आणि त्याच खिळ्याला लावली. ऑडिटर आले, भिंत बघून खूष झाले आणि सर्टिफिकेट देऊन गेले. गाढवांच्या त्या सत्काराला पेढे वाटले होते. मी घेतला नाही.

खुटबावकर एकदा कंपनीचे बूट आणि हेल्मेट जमा करायला आला. डिस्पॅचमधून जाताना त्या भिंतीपाशी आला तसा मान पार दुसऱ्या बाजूला वळवून चालायला लागला. म्हटलं, "असा का चाललास?"

"नवा लावलाय न्हवं?" तो म्हणाला. "दुसरीकडं नोकरीला गेलो आन् हितून कुणी इचारलं, तर न्हाई म्हंता आलं पायजे, भाऊ."