सखूवैनीच्या पदरातली साखर

सखूवैनी म्हणजे माझ्या अनंतादादाची बायको. मोरिवलीत आमची दारं समोरासमोर. दादाला शुगर निघाली तेव्हापासून या बाईनं घरात साखरेचा दाणा ठेवला नाय. पाहुण्यालाही फिका चहा! मी चिडायचे, "वैनी, आम्हाला कशाला शिक्षा?"

गेल्या साली दादाच्या नाकातून गालात बुरशी शिरली. ऑपरेशन करून गालाचं हाड काढलं. मग बुरशी मारायला महिनाभर सलाइनमधून औषध. ते चालू झालं की दादा पलंगासकट हलायचा. नर्सनं वैनीला सांगितलं, "औषधाची थंडी आहे, पांघरूण घाला, उतरेल." वैनीच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

घरी आल्यावर सलाइन सुटलं, बुरशीच्या गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यानं दुपारी मी कालवण घेऊन गेले, तर दादा थरथरतोय आणि वैनीनं त्याच्यावर तीन चादरी टाकल्यात.

"औषधाची थंडी आहे," ती म्हणाली.

मी हात लावला. चादर ओलीचिंब!

"अगं बाय, थंडीत असा घाम येतो काय? शुगरचं मशीन आण!"

शुगर उतरून बेचाळीस. दादा वैनीकडं बघून मला विचारतो, "ही बाई कोण?" वैनी डब्यामागून डबे उघडत सुटली. साखर मिळणार कुठून? मीच धावत माझ्या घरून आणली, पाण्यात कालवून घोट घोट पाजली. तेव्हा कुठं त्यानं तिला ओळखलं. वैनी भिंतीला टेकून रडली, "मीच मारत होते गं याला."

डॉक्टर म्हणाले, बुरशीच्या गोळीनं शुगरच्या गोळीचा जोर वाढलाय. शुगरची गोळी त्यांनी कमी केली. बुरशीची मात्र बंद करता येत नाय, केली तर बुरशी डोळ्यात जाईल. शुगर चढली तर बुरशी फोफावणार, उतरली तर हे असं. घ्या! माणसानं करायचं काय?

आता वैनीच्या पदराला साखरेची पुडी बांधलेली असते, आणि ती घर सोडत नाय. मासळीबाजारातली तिची मावरं विकायची जागा दुसरीनं धरली. परवा माझ्या लेकीची, जिज्ञासाची, हळद होती. डीजेवाले बॉक्स लावत होते. मी नवी साडी घेऊन वैनीला न्यायला गेले. दादाचा नुकता डोळा लागला होता. तिनं त्याला हलवलं.

"माझं नाव सांग."

"सखू. झोपू दे ना गं! ही कुंदा आलीय न्यायला, जा तिच्यासंगं हळदीला."

तिनं साडी घेतली, उंबऱ्यापर्यंत आली, वळून बघितलं. दादानं परत डोळे मिटले होते. साडी माझ्या हातात देऊन ती मागं फिरली.

"माझं नाव सांग."