कुकरचं झाकण

बुरशी येऊ नये म्हणून आज दोन्ही सॅक गॅलरीत उन्हात टाकल्या. माझ्या सॅकमध्ये छोटा कुकर निघाला आणि मीराच्या सॅकमध्ये त्याचं झाकण.

बोलिव्हियात रोज बाहेर जेवणं परवडणार नाही, उतरू तिथे खिचडी लावू, असं तिनंच ठरवलं होतं. ओझंही तिनंच वाटलं. तांदूळ माझ्याकडे, डाळ तिच्याकडे. टॉर्च माझी, सेल तिच्याकडे. "म्हणजे भांडलो तरी जेवायला एकत्र यावंच लागेल," ती म्हणायची.

सवय व्हावी म्हणून आम्ही सकाळी भरल्या सॅक घेऊन टेकडी चढायचो. जिन्यात शेजारचे साने हटकायचे, "काय वहिनी, गिरणीत निघालात?"

"बोलिव्हियाला. वाटेत तुमचं दळण टाकू का?"

मीरा वारली त्याला आता सात महिने झाले. स्वस्तातला प्रवास दोघांनी अर्धं अर्धं उचलल्यावरच स्वस्त होतो, हे बेत आखताना लक्षात आलं नव्हतं.

झाकण, डाळ, सेल, सगळं माझ्या सॅकमध्ये भरलं. ते सहज मावलं, याचंच वाईट वाटलं.

सॅक पाठीला लावून जिना उतरलो. साने दारातच होते. सवयीनं काहीतरी बोलू गेले आणि थांबले. मग आत जाऊन गव्हाची पिशवी घेऊन आले.

"टाकाल का?" एवढंच म्हणाले.

गिरणीत रांग होती. सॅक न उतरवता उभा राहिलो. मग गरम पिठाची पिशवी छातीशी धरली आणि टेकडीकडे न वळता घरी आलो.